वटणारा कचरा, न वटणारा कचरा

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड लागते, ती मरेपर्यंत सुटत नाही. समोर येईल त्या गोष्टीच्या तो दोन बाजू करतो. एक जमा, एक नावे. निवृत्तीनंतर कादंबऱ्या लिहायच्या, सकाळी टेकडीवर जायचे, दुपारी पडून वाचायचे, असे माझे पुष्कळ बेत होते. प्रत्यक्षात घरात मला एकच स्वतंत्र खाते मिळाले, ते कचऱ्याचे. रोज सकाळी साडेआठला दोन डबे घेऊन दारात उभे राहायचे. एक ओला, एक सुका. "एवढं तरी नीट करा," असे सौ. म्हणाली होती, आणि ते आपण नीट करतो अशी माझी समजूत होती.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीचा मी खजिनदारही आहे. निवृत्त बँकवाल्याला हे पद टळत नाही. आमच्याकडे कचरा न्यायला एक ताई येतात. पंचेचाळिशीच्या असतील. त्यांचे नाव इथे देत नाही, कारण त्यांनीच 'नको' म्हटले. घरटी दरमहा ठरलेले शुल्क आम्ही त्यांना देतो. ते ठरलेले असूनही 'थोडे कमी घ्या' म्हणणारे लोक प्रत्येक मजल्यावर आहेत. त्यांना माझ्यासारखा हिशेबनीस सापडला. दोन वर्षांपूर्वीच्या सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "रद्दी आपली, बाटल्या आपल्या, पुठ्ठा आपला. तो विकून येणारे पैसे मात्र त्यांचे. मग वर आणखी शुल्क कशासाठी?" हिशेब बिनतोड होता. माना डोलल्या. वेळ संपली म्हणून ठराव पुढच्या सभेवर गेला, एवढेच.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी, सकाळी नऊच्या सुमारास दाराची घंटा वाजली. ताई दारात उभ्या होत्या. डाव्या हाताने उजव्या हाताचे बोट धरलेले.

"काका, सुई टोचली. तुमच्या कागदात होती."

सौ.ला मधुमेह आहे. इन्सुलिन घ्यावे लागते. वापरलेल्या सुया मी आठवडाभर एका वाटीत साठवत असे आणि रविवारी कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकत असे. कागद कादंबरीच्या खर्ड्याचे, एका बाजूने लिहून खोडलेले. आपण सुया 'व्यवस्थित गुंडाळून' टाकतो याचे मला समाधानही होते. ताईंनी पुडी उलगडली ती कागद चांगला दिसला म्हणून. हातात हातमोजे होते. पण सुईला हातमोजा म्हणजे काय!

"आमच्याच घरातली कशावरून?" हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, हे कबूल केले पाहिजे. तो मी विचारला नाही, पण त्यांना कळला असावा. त्या म्हणाल्या, "असले निळ्या शाईचे कागद एका तुमच्याच घरातनं येत्यात."

साबण लावून वाहत्या पाण्याखाली बोट धुतले आणि तसेच दोघे रिक्षाने दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सांगितले ते ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. टोचलेल्या सुईवर कुणाचे रक्त आहे हे ठाऊक नसेल तर एचआयव्ही आणि कावीळ 'ब' यांची शंका धरावी लागते. प्रतिबंधक औषध द्यायचे तर ते ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. सुई कुणाची हे इथे ठाऊक होते. त्याच दिवशी सौ.ने रक्त दिले. दुसऱ्या संध्याकाळी अहवाल आले, सगळे निरोगी. तरीही ताईंनी खबरदारी म्हणून काही महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावे, असे डॉक्टर म्हणाले. ती रात्र आमच्या घरात कुणी झोपले नाही. ताईंच्या घरात काय झाले असेल, हे विचारण्याची माझी छाती झाली नाही.

तिसऱ्या दिवशी साडेआठला त्या पुन्हा आल्या. मी डबे पुढे केले आणि म्हणालो, "ताई, तुम्ही हे सगळं कसं निवडता, ते मला एकदा बघू द्याल?" त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. "बसा की," म्हणाल्या. "पण नाक धरायचं न्हाई."

पलीकडची खिडकी

सोसायटीच्या मागच्या बाजूला, जिन्याखालच्या अंधारात एक ताडपत्री अंथरलेली. तिच्याभोवती पाच-सहा पोती. मी उपड्या बादलीवर बसलो आणि पुढचा दीड तास माझी पस्तीस वर्षांची बँकिंगची परीक्षा नव्याने झाली.

आपण वर्तमानपत्रात वाचतो की अमुक वस्तूचा पुनर्वापर होतो, तमुक वस्तूचा होत नाही. जणू तो त्या वस्तूचा जन्मजात गुण आहे. तसे नसते. चेक म्हणजे काय? एक कागद. तो पलीकडच्या खिडकीवर वटला तरच त्याचे पैसे. खात्यात शिल्लक नसली, खाडाखोड असली, सही जुळली नाही, तर तो परत येतो, आणि परत आलेल्या चेकचा भुर्दंड कुणाला तरी बसतोच. कचऱ्याचेही तसेच. बाटली चांगल्या प्लॅस्टिकची असली तरी तिला घेणारा भंगारवाला, त्याच्यापुढे घाऊक व्यापारी आणि त्याच्यापुढे ती वितळवणारा कारखाना, ही साखळी असेल तरच ती वटते. मधली एक कडी नसली, तर ती बाटली नुसता कचरा.

बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो, तो पाहून आपण निश्चिंत होतो. ताईंना तो आकडा वाचता येत नाही आणि त्याची गरजही नाही. त्या बोटांनी दाबून, चुरगळल्याचा आवाज ऐकून प्लॅस्टिकची जात ओळखतात. तो त्रिकोण 'हे पुन्हा वापरले जाईल' असे वचन देत नाही. प्लॅस्टिक कोणत्या जातीचे आहे एवढेच सांगतो. एक म्हणजे पाण्याची आणि सरबताची पारदर्शक बाटली. दोन म्हणजे शाम्पूचा डबा, तेलाचा कॅन. पाच म्हणजे जेवण मागवल्यावर येणारे बरेचसे डबे. ही मंडळी वटतात. तीन आणि सहा यांना गिऱ्हाईक कमी. सात म्हणजे 'इतर', आमच्या बँकेच्या भाषेत किरकोळ खाते, ज्यात कशाचाच पत्ता लागत नाही.

सर्वात रुबाबात वटते ती धातूची वस्तू. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम, लोखंड यांना कधी मरण नाही. कितीही वेळा वितळवा, गुण जात नाही. खनिजापासून ॲल्युमिनियम करायला जेवढी वीज लागते, तिच्या पाच टक्क्यांच्या आसपास शक्तीत भंगारातून ते पुन्हा तयार होते. म्हणून आजीच्या काळापासून फुटका टोप कुणी उकिरड्यावर टाकला नाही.

मग कागद. रद्दी, वह्या, पुठ्ठ्याची खोकी. कागदाचे धागे दर खेपेला आखूड होत जातात. पाच-सात खेपांनंतर त्यांच्यात जीव राहत नाही. पांढऱ्या कागदाचा राखी पुठ्ठा होतो, पुठ्ठ्याचे आणखी हलके काही. माझ्या पहिल्या कादंबरीच्या न खपलेल्या प्रती प्रकाशकांनी रद्दीत काढल्या, तेव्हा मला फार लागले होते. आता नाही लागत. बुटांचे एखादे खोके का होईना, तिचे काही तरी झाले असेल. आणि नोटांचे तरी काय? जीर्ण नोटा रिझर्व्ह बँकेत यंत्राने बारीक कापतात आणि त्या चुऱ्याच्या दाबून विटा करतात. शंभराची असो की पाचशेची, शेवटी वीट एकच.

खाडाखोड

हे झाले वटणारे. पण ताईंच्या समोर माझाच डबा उघडला गेला आणि वटणाऱ्यातले निम्मे डोळ्यांदेखत बाद झाले.

पुठ्ठ्याचे चांगले खोके, पण आत तेलकट चीज चिकटलेले, गेले. वर्तमानपत्र, पण त्यात आमटीचा डबा उपडा झालेला, गेले. दह्याचा डबा न धुता टाकलेला. दुसऱ्या दिवशी त्याचा वास सगळ्या पोत्याला. तेलकट किंवा ओला कागद लगद्यात गेला तर सबंध घाण्याचा माल बिघडतो, म्हणून भंगारवाला तो घेत नाही, किंवा घेतला तर वजनात कापून घेतो. बँकेत याला आम्ही खाडाखोड म्हणत असू. खात्यात पैसे असूनही चेक परत.

दुधाची पिशवी धुऊन, वाळवून दिली तर चांगली विकली जाते. पण आपण कात्रीने तिचा कोपरा कापतो आणि तो चिमुकला तुकडा मोरीत सोडतो. तो कुणाच्याच पोत्यात येत नाही. सरळ नाल्यात, नाल्यातून मुठेत. "काकूंना सांगा, कोपरा तोडायचा न्हाई, नुसता चिरायचा," ताई म्हणाल्या. एका पिशवीचा कोपरा तो केवढा! पण आमच्या सोसायटीत रोज पन्नास-साठ पिशव्या येतात.

फसवे कागदही मला त्या दिवशी कळले. चहाचा कागदी पेला कागदी नसतो; आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. लग्नपत्रिकेवर सोनेरी वर्ख आणि मखमल असेल तर ती रद्दीवाल्याला नको. दुकानातली गुळगुळीत पावती आणि एटीएमची चिठ्ठी यांच्यावर रसायनाचा लेप असतो; ती रद्दीत मिसळूच नये. आयुष्यभर दुसऱ्यांना चिठ्ठी जपून ठेवायला सांगणाऱ्या मला, ती कुठे टाकावी हे ठाऊक नव्हते.

ज्यांना खिडकीच नाही

ताडपत्रीच्या डाव्या बाजूला एक पोते सगळ्यांत मोठे होते. मला वाटले, यात काही तरी मौल्यवान असावे. ताई हसल्या. "ह्याचं काय येत न्हाई. हे नुसतं वाहायचं."

त्यात वेफर्सची, बिस्किटांची, फरसाणाची चकचकीत पाकिटे होती. आतून चंदेरी, बाहेरून रंगीत. प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना असे चिकटवलेले की सुटे करणे परवडत नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातात. थर्मोकोल होते, त्यात हवाच जास्त, पोतेभर काट्यावर ठेवले तरी काटा हलत नाही. फुटक्या कपबश्या होत्या, आरशाचा तुकडा होता. काच वितळते म्हणून सगळी काच एक समजू नये. चूल सोसणारी काच आणि आरसा हे बाटलीच्या काचेच्या भट्टीत चालत नाहीत. अखंड बाटलीला मान आहे; फुटलेल्या काचेला भाव नगण्य आणि बोट कापण्याची खात्री.

सरबत-दुधाचे पुठ्ठ्याचे चौकोनी डबे मधले. त्यात कागद, प्लॅस्टिक, ॲल्युमिनियम तिन्ही असतात आणि ते वेगळे करणारे कारखाने आहेत. पण तिथपर्यंत पोचायचे तर ते वेगळे गोळा झाले पाहिजेत. एक-दोन डब्यांसाठी कुणी तेवढा खटाटोप करत नाही.

जुन्या कपड्यांचीही तीच गत. आमच्या लहानपणी दारात बोहारीण यायची. चार साड्या आणि दोन विजारी देऊन आई एक स्टीलचे पातेले मिळवायची आणि घासाघीस तासभर चालायची. ते कपडे पुढे कुणाच्या तरी अंगावर चढत. आता बोहारीण क्वचित दिसते आणि कपड्यांत नायलॉन-पॉलिएस्टरची भेसळ जास्त. धड असतील तर धुऊन, घडी करून वेगळे द्यावेत. कचऱ्यात टाकले की त्यांचे पायपुसणेही होत नाही.

आणि शेवटी काळ्या पिशवीतला, सर्वात खालचा कचरा. सॅनिटरी पॅड, बाळांचे आणि वृद्धांचे डायपर. हे उघडून पाहावे लागते, कारण बाहेरून कळत नाही. ताई हे सांगताना माझ्याकडे पाहत नव्हत्या. मीही त्यांच्याकडे पाहत नव्हतो. पुण्यात त्यांच्या संघटनेने यासाठी लाल ठिपक्याची मोहीम चालवली. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि वर लाल ठिपका काढायचा. ठिपका दिसला की पुडी उघडायची नाही, सरळ बाजूला. केवढीशी गोष्ट! घरात लाल पेन नाही असे घर नाही. बँकेत लाल शाईने आम्ही फक्त दुसऱ्यांच्या चुका दाखवत आलो; तिचा असा उपयोग कधी सुचला नाही.

कोणाचे हात

या हातांचा थोडा इतिहास सांगतो. १९९० च्या सुमारास पुण्यात रस्त्यावरच्या कचराकुंड्यांत हात घालून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायका हजारोंनी होत्या. बहुतेक दलित समाजातल्या, कित्येक दुष्काळी मुलखातून आलेल्या. एसएनडीटी महिला विद्यापीठात काम करणाऱ्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने त्यांच्यात गेल्या, ते साक्षरतेच्या कामानिमित्त. कचरा घरातच वेगळा मिळाला तर या बायकांचे काम किती सुसह्य होते, हे त्यांना दिसले. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे त्यांना मिळाली. चोर समजून हाकलल्या जाणाऱ्या बाईच्या गळ्यात तिचा फोटो आला. पुढे त्यातूनच कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. कुंडीवर वेचणारी बाई दारावर आली. आज या संस्थेत तीन हजारांहून अधिक कचरावेचक आहेत. घरांकडून शुल्क आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे पैसे, या दोन पायांवर त्यांची मिळकत उभी असते.

माझ्या त्या बिनतोड हिशेबातली चूक इथे होती. मी जमेच्या बाजूला वटणारा कचरा धरला. न वटणारा कुठेच मांडला नाही. ओला कचरा, जो वजनाने साधारण निम्मा असतो, त्याचा ताईंना एक रुपया मिळत नाही. चकचकीत पाकिटांचा मिळत नाही. फुटक्या काचेचा, थर्मोकोलचा, डायपरचा मिळत नाही. तो सगळा त्या चार मजले उतरवतात, निवडतात, महापालिकेच्या गाडीपर्यंत वाहतात. रद्दीचे पैसे हे रद्दीचे आहेत. शुल्क आहे ते या उरलेल्या पोत्याचे. आणि ते पोते वर्षागणिक फुगते आहे, कारण आपण खातो त्यातले किती तरी आता चंदेरी पाकिटातून येते.

मग हे पोते शेवटी जाते कुठे? पूर्वी शहराचा कचरा आमच्याच कोथरूडला पडत असे. पौड रस्त्यावर आजही लोक 'कचरा डेपो' म्हणून पत्ता सांगतात. त्या जागी आता मेट्रोच्या गाड्यांचा डेपो आहे. शहर कोथरूडपर्यंत आले तसा कचरा हलला आणि १९९० च्या दशकात उरुळी देवाची-फुरसुंगीकडे गेला. तिथे डोंगर झाले, विहिरींचे पाणी नासले, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. एकदा नव्हे, अनेकदा. आम्ही पेपरात वाचले, हळहळलो आणि खिडक्या लावून घेतल्या. आपल्या डब्यातून जे वटत नाही, ते कुणाच्या तरी विहिरीवर नावे पडते.

सुईचे काय केले

२०१६ च्या घनकचरा नियमांनी घराला तीन वाटण्या सांगितल्या होत्या: ओला, सुका आणि घरगुती घातक. त्या घातकाच्या यादीत रंगाचे डबे, कीटकनाशके, पाऱ्याचे दिवे, जुन्या बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधे यांच्याबरोबर वापरलेल्या सुया आणि सिरिंज असे स्पष्ट लिहिले होते. मी तो नियम वाचला तो सुई टोचल्यानंतर. बँकेतही परिपत्रक बहुधा घोटाळा झाल्यावरच वाचले जाते.

आता आमच्या मोरीच्या फडताळात कपडे धुण्याच्या द्रवसाबणाची जाड प्लॅस्टिकची रिकामी बाटली आहे. सुई काढली की थेट तिच्यात. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट, वर चिकटपट्टी आणि लाल अक्षरात 'सुया'. ती सुक्यात जात नाही. वेगळी, हातात, सांगून दिली जाते. दाढीची पाती तशीच. फुटलेली काच जाड पुठ्ठ्यात बांधून, वर 'काच' लिहून. पाऱ्याच्या ट्यूब आणि पाऱ्याचे दिवे वेगळे. मोबाइलची आणि खेळण्यांची बॅटरी तर सुक्यात कधीच नाही. दाबली गेली की पेट घेते, आणि कचऱ्याच्या गाडीत दाबण्याचेच काम असते. बिघडलेले मिक्सर, चार्जर, वायरी यांची एक पेटी करून ठेवतो आणि ई-कचरा घेणारे येतात तेव्हा देतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी या वस्तूंच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली. पण वस्तू आपल्या माळ्यावरून खाली उतरलीच नाही, तर उत्पादक तरी काय करणार!

बाकी काम फारसे नाही. डबा, पिशवी, बाटली यांवर भांडी घासताना उरलेले पाणी एकदा फिरवायचे. कागद कोरडा ठेवायचा. निर्माल्यातला दोरा आणि कापराची पुडी काढून फुले तेवढी ओल्यात. नारळाची करवंटी ओल्यात कुजायला फार काळ घेते, ती वेगळी. गच्चीवर खताचे दोन पिंप बसवले. पहिल्या महिन्यात वास आला, दुसऱ्यात माती आली. आणि शंका आली तर अंदाजाने टाकायचे नाही, ताईंना विचारायचे. गावोगावी घेणारे वेगळे असतात. पुण्यात वटेल ते नगरला वटेलच असे नाही. आपल्या दारात येणाऱ्या माणसाइतकी खरी माहिती कुठल्याच पत्रकात नसते.

ताईंची शेवटची तपासणी सहा महिन्यांनी झाली. मी बरोबर गेलो होतो. अहवाल चांगला आला. त्यांनी तो कागद घडी करून बटव्यात ठेवला आणि म्हणाल्या, "चला काका, गाडी निघून जाईल." एवढेच. मी मनात जुळवलेले माफीचे भाषण मनातच राहिले. ते कदाचित त्यांनाही नको होते. त्यांना सकाळी साडेआठला नीट वेगळा केलेला डबा हवा होता.

सोसायटीच्या पुढच्या सभेत मी माझाच ठराव मागे घेतला. शुल्क वेळेवर आणि पूर्ण द्यावे, जिन्याखाली दिवा आणि नळ बसवावा, निवडायला एक उंच टेबल द्यावे, असा नवा ठराव मांडला. "मग रद्दीचे पैसे?" तिसऱ्या मजल्यावरून नेहमीचा प्रश्न आलाच. मी म्हणालो, "रद्दीचे पैसे घ्या तुम्ही. पण मग उरलेलं पोतंही तुम्हीच न्या." ठराव मंजूर झाला. टेबल आले. अजून दोन घरांचा डबा एकत्रच येतो. त्यांच्याशी बोलणे चालू आहे.

परवा ताई दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, हल्ली तुमच्याकडनं निळे कागद निघत न्हाईत. लिवायचं सोडलं का काय?" माझ्या दोन्ही प्रकाशकांनी गेल्या वर्षभरात ही चौकशी केलेली नाही.

म्हणून हा लेख लिहायला बसलो. बरेच खर्डे फाडले. ते कोरडे आहेत, स्वच्छ आहेत, एकावर एक नीट घडी करून ठेवले आहेत आणि त्यांच्यात काहीही गुंडाळलेले नाही. उद्या साडेआठला खाली जातील. वटतील.